नोकरी आणि शेजारधर्म

उरणजवळ समुद्राच्या काठी जो डोंगर उभा आहे त्यास द्रोणागिरी असे नाव आहे. लक्ष्मणास शक्ती लागली तेव्हा मारुतिरायाने संजीवनीसाठी जो पर्वत उचलून नेला, त्याचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी ह्या भागातील लोकांची समजूत आहे. ह्याच नावाने सिडकोने येथे नवी वसाहत उभारली, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत आगगाडी सुरू झाली तेव्हा त्या मार्गावरील एका स्थानकासही तेच नाव मिळाले. पूर्वी ह्या डोंगराच्या आसपास भाताची शेते, मिठागरे आणि कोळ्यांची गावे होती. आज तेथे बंदर आहे, तेल व वायू ह्यांचा मोठा प्रकल्प आहे, आणि कंटेनरांची आवारे व वखारी आहेत. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील व बंधू, आणि अलीकडे माता-भगिनीही, ह्या कामांवर जातात.

अशा ठिकाणी आता एक नवी चाल रूढ होत आहे. एखाद्या कंपनीतील मंडळी वर्षातून एखाद-दुसरा दिवस कामाचे कपडे उतरवून गावात येतात, शाळेच्या भिंती रंगवितात, किनाऱ्यावरील कचरा गोळा करितात, झाडे लावितात अगर मुलांस चार धडे शिकवितात. कित्येकांस ह्या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. कित्येक ती केवळ छायाचित्रे काढण्याची हौस आहे असे म्हणून सोडून देतात. आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करितात. ह्या चालीचे खरे मोल कशात आहे, आणि कोणत्या अटी पाळल्या असता ते मोल टिकते, ह्याचा विचार ह्या लेखात करण्याचे योजिले आहे.

स्वयंसेवा म्हणजे काय?

नोकरीत असलेल्या माणसाने आपल्या खुशीने, मोबदल्याची अपेक्षा न धरिता, आपला वेळ व आपले कसब लोकांच्या उपयोगी लावावे, आणि त्याकामी त्याच्या मालकाने त्यास सवड, साधने व व्यवस्था पुरवावी, ह्यास नोकरवर्गाची स्वयंसेवा-योजना म्हणतात. ह्यात तीन पक्ष आहेत: सेवा करणारा नोकर, त्यास सवड देणारी कंपनी, आणि जेथे सेवा व्हावयाची ते गाव.

ही गोष्ट दानाहून निराळी आहे. दानात पैसा जातो, माणूस जाईलच असे नाही. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाचा भार घातला, व ते कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. त्या कलमाप्रमाणे ज्या कंपन्या ठराविक मर्यादेहून मोठ्या आहेत, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम लोकहिताच्या कामी खर्च करावयाची असते. कायदा चांगला आहे, आणि ‘दाम करी काम’ ही म्हणही खोटी नाही. परंतु कायदा पैसा मागू शकतो. माणसाचे मन मागू शकत नाही. शाळेस संगणक विकत घेऊन देणे पैशाने होते. त्या संगणकासमोर बसलेल्या मुलीची शंका शांतपणे ऐकून घेण्यास माणूसच लागतो.

आमच्या खारेपाटातील लोकांस ही कल्पना समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्या वाडवडिलांनी खाडीच्या काठाने मातीचे बांध घातले व पिढ्यानपिढ्या ते राखले. उधाणाने बांधास खांड पडली म्हणजे ज्याचे शेत खांडीच्या तोंडाशी आहे तो एकटाच धावत नसे. घमेले-फावडे घेऊन सारा गाव येई. कारण खारे पाणी एकदा आत शिरले म्हणजे ते कोणाचा सातबारा पाहत नाही. ह्या कामास कोणी उपकार म्हणत नसे. आपले शेतही त्याच बांधाच्या आड आहे, हे प्रत्येकजण जाणून होता. जी कंपनी गावाच्या शेजारी येऊन बसली, तीही आता त्याच बांधाच्या आड आहे. तिचे रस्ते, तिचे पाणी, तिचे कामगार आणि तिची सुरक्षितता ही सर्व गावाशी बांधलेली आहेत. तेव्हा ह्या योजनांकडे परोपकार म्हणून न पाहता शेजारधर्म म्हणून पाहावे, हे आमचे मुख्य सांगणे आहे.

ही चाल कोठून आली?

काम करणाऱ्या लोकांत जाऊन स्वयंसेवा करण्याची रीत महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा एक थोर पुरस्कर्ता आपल्याच जिल्ह्यातील होता, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. नारायण मल्हार जोशी ह्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचे काम केले. १९०९ साली ते नामदार गोखले ह्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये व सहकारी पतपेढ्या चालविणे, अशी कामे ह्या संस्थेने स्वयंसेवकांच्या साह्याने हाती घेतली.

परंतु जोशी ह्यांस लवकरच एक गोष्ट दिसून आली. रात्रीची शाळा कितीही चांगली असली, तरी दिवसभर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस तेथे डोळे उघडे ठेवून बसणार कसा? १९११ च्या कारखाने कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास मर्यादित केले, ते दिवसास बारा! म्हणून ज्यांनी रात्रीच्या शाळा काढल्या, तेच जोशी १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस भारतीय कामगारांच्या वतीने गेले, आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढे झाले. सेवा आणि न्याय ही दोन्ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात केली. एकाचे निमित्त सांगून दुसरे टाळले नाही. १९५५ साली ते निवर्तले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची जी मर्यादा घातली, तिच्यामागे अशा माणसांचे श्रम होते. ज्याच्यापाशी फुरसत नाही त्याच्याकडून सेवेची अपेक्षा करणे व्यर्थ होय, हा धडा ह्या इतिहासापासून घ्यावयाचा आहे.

कंपनीने आपल्या नोकरांस सेवेसाठी सवड द्यावी, ही पुढची पायरी होय. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९७१ साली निवडक नोकरांस भरपगारी रजा देऊन लोकसेवेच्या कामावर जाऊ देण्याची योजना सुरू केली. पादत्राणे करणाऱ्या टिंबरलँड कंपनीने १९९२ साली प्रत्येक नोकरास वर्षात सोळा तास भरपगारी सेवेसाठी दिले व पुढे ते चाळीसपर्यंत वाढविले. आपल्याकडे महिंद्र उद्योगसमूहाने २००५ साली आपल्या नोकरवर्गासाठी अशी योजना काढली. टाटा समूहाने २०१४ पासून वर्षातून दोनदा स्वयंसेवा-सप्ताह पाळण्याचा परिपाठ घातला. एक सप्ताह जमशेटजी टाटा ह्यांच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ३ मार्चच्या, सुमारास येतो. दुसरा ५ डिसेंबरच्या सुमारास येतो. हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ साली स्वयंसेवकांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून ठरविला. ह्याशिवाय टाटा समूहातील नोकरांस कित्येक महिने आपल्या कसबाचा लाभ एखाद्या सेवाभावी संस्थेस देता यावा, अशीही तजवीज तेथे केलेली आहे.

लाभ कोणास?

पहिला लाभ गावाचा. बाहेरून आलेला माणूस झाडू मारील तर ते चांगलेच. परंतु झाडू आमच्या घरीही आहे. जे आमच्यापाशी नाही ते त्याचे कसब. बंदराच्या कचेरीतील हिशेबनीस महिलांच्या बचत गटास जमाखर्च कसा लिहावा व बँकेचे कागद कसे वाचावे हे शिकवू शकेल. कारखान्यातील वायरमन शाळेतील विजेच्या तारा तपासून कोठे धोका आहे हे सांगू शकेल. मोठमोठे ट्रेलर ज्या रस्त्यावरून धावतात त्याच रस्त्याने आमची मुले शाळेत येतात. ट्रेलरच्या चालकास आपल्या बाजूस असलेला सायकलस्वार कोठवर दिसतो व कोठे मुळीच दिसत नाही, हे एखाद्या अनुभवी चालकाने उभा ट्रेलर दाखवून मुलांस समजावले, तर तो एक तास शंभर भित्तिपत्रकांहून अधिक उपयोगी पडेल.

दुसरा लाभ सेवा करणाऱ्याचा. मोठ्या कामात माणूस बहुधा एका लहान तुकड्यापुरता असतो. रोज हजारो कंटेनरांचे आकडे संगणकात भरणाऱ्या कारकुनास त्या पेट्यांत काय होते व त्यांचा कोणास उपयोग झाला, हे कधी दिसत नाही. तोच कारकून एखाद्या मुलास त्रैराशिक समजेपर्यंत शिकवितो, तेव्हा त्यास आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांनी दिसते. शिवाय कचेरीत वरिष्ठ व कनिष्ठ अशा ज्या पायऱ्या असतात, त्या श्रमाच्या ठिकाणी पुसट होतात. साहेबास घमेले नीट उचलता येत नाही आणि शिपायास सारे काम मांडून देता येते, हे एकदा दिसले म्हणजे दोघेही एकमेकांस अधिक चांगले ओळखू लागतात.

तिसरा लाभ कंपनीचा, व तो लपविण्याचे कारण नाही. ज्या कंपनीची माणसे गावात ओळखीची आहेत, तिच्याविषयी गावात शंका आली तर लोक आधी विचारावयास जातात. जिची माणसे ओळखीची नाहीत, तिच्या फाटकासमोर विचारण्याऐवजी मोर्चाच न्यावा लागतो. कंपनीस लाभ होतो म्हणून सेवा खोटी ठरत नाही. बांध दुरुस्त करणाऱ्याचे शेतही वाचतेच की!

चार कसोट्या

आता ही योजना खरी की दिखाऊ हे ओळखावे कसे? आमच्या मते तिला चार कसोट्या लावाव्या.

पहिली कसोटी खुशीची. जी सेवा करावीच लागते ती सेवा नव्हे, वेठ होय. पूर्वी सरकारी अंमलदार व जमीनदार गरिबांकडून वेठ घेत. भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली आहे. ‘कोणावर सक्ती नाही, मात्र कोण आले नाही ह्याची नोंद होईल,’ असे जेथे सांगितले जाते, तेथे स्वयंसेवेचे नाव आहे व वेठीचे रूप आहे. नको म्हणणाऱ्याचे काहीएक बिघडणार नाही, अशी खात्री असेल तरच हो म्हणणाऱ्याच्या शब्दास किंमत येते.

दुसरी कसोटी वेळेची. सेवेचा दिवस कोणाच्या पदरचा? आठवडाभर राबलेल्या माणसाचा रविवार काढून घेऊन कंपनीने सेवेचे श्रेय मिरविणे योग्य नव्हे. तो वेळ कामाच्या तासांतून दिला पाहिजे. येथे कंत्राटी कामगाराचा विचार विशेष करावयास हवा. ज्याची मजुरी दिवसावर आहे, त्याने एक दिवस सेवेस दिला तर संध्याकाळी त्याच्या घरी काय शिजेल? ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण अशा वेळी थट्टेची राहत नाही. त्याचीही मजुरी चालू ठेवून त्यास बोलवावे. तसे केले नाही, तर जो ह्याच मातीत वाढला व ज्यास गावाची खरी माहिती आहे, तोच माणूस बाहेर राहतो.

तिसरी कसोटी विचारपूस करण्याची. ज्या डोंगराच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, त्याच्या कथेतच हा बोध आहे. सुषेण वैद्याने वनस्पती सांगितली होती, परंतु मारुतिरायास ती ओळखता आली नाही, म्हणून त्याने सारा पर्वत उचलला. मारुतिरायाचे बळ व भक्ती थोर, म्हणून ते शोभले. आपण साधी माणसे आहो. गावास एक मुळी हवी असता पर्वत आणून टाकला, तर तो ठेवावयाचा कोठे? शाळेस शिक्षणाचे साहित्य हवे असता तिसऱ्यांदा भिंत रंगविणे, अथवा पाणी घालणारा कोणी नाही तेथे शेकडो रोपे लावून जाणे, हे असेच होय. कोणती मुळी हवी हे सांगणारा सुषेण प्रत्येक गावात असतो. कधी ती अंगणवाडीची ताई असते, कधी वृद्ध कोळी, कधी ग्रामपंचायतीचा शिपाई. आधी त्याच्यापाशी जाऊन बसावे.

चौथी कसोटी सातत्याची. २०१६ साली पाणी फाउंडेशनने दुष्काळी तालुक्यांत जी वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तिच्यात गावकऱ्यांनी भर उन्हाळ्यात सुमारे पंचेचाळीस दिवस श्रमदान करून चर खणले व बांध घातले. महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, शहरांतील पुष्कळ नोकरदार मंडळी एका दिवसाच्या श्रमदानास तेथे गेली. त्या एका दिवसाने शहरवाल्यास पाण्याची किंमत कळली व गावकऱ्यास धीर आला, हे मोठेच काम झाले. परंतु चर खणले गेले ते मुख्यतः गावाच्या पंचेचाळीस दिवसांनी. एक दिवस म्हणजे ओळख होय. पुढे महिन्यातून दोन तास, पण न चुकता, आणि तोच माणूस त्याच ठिकाणी आला, तर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ह्याचा अनुभव येतो.

सातत्याने मिळविलेले कसब प्रसंगी किती उपयोगी पडते, ह्याचे एक दुःखद उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. जी मदत पोहोचली ती पायी चढून गेलेल्या माणसांची, आणि त्यांत सरकारी पथकांच्या बरोबरीने डोंगर चढण्याचा सराव असलेले स्थानिक गिर्यारोहक होते. तो सराव त्या रात्री शिकता आला नसता. जी कंपनी आपल्या माणसांस प्रथमोपचार, अग्निशमन व शोधकार्य ह्यांचे शिक्षण देऊन ठेविते, ती आजूबाजूच्या सर्व गावांसाठी एक ठेवा निर्माण करिते.

सेवा आणि हक्क

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वयंसेवा ही हक्काची भरपाई नव्हे. ह्या भागातील जमिनी नव्या शहरासाठी व बंदरासाठी गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी लोकनेते दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ते ह्याच मातीवर. ज्यांनी जमीन दिली, मीठ पिकविणे सोडले, मासेमारीची जागा गमावली, त्यांच्या मुलांस वह्या वाटून ऋण फिटले असे कोणी मानू नये. मोबदला, नोकरी व स्वच्छ पाणी हे हक्काचे. ते हक्काच्याच मार्गाने मिळाले पाहिजे. त्याचप्रमाणे सकाळी तिवरांची रोपे लावावयाची आणि दुपारी खाडीत भराव घालावयाचा, हा व्यवहार कोणाही कंपनीस शोभत नाही.

ह्यावरून सेवा निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हक्काचे भांडण चालू असतानाही मुलीस गणित यावयास हवे व शाळेतील तार सुरक्षित असावयास हवी. नारायणराव जोशी ह्यांनी दोन्ही वाटा एकदम चालून दाखविल्या आहेत.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी काय करावे?

पालकहो, आपण जेथे काम करिता तेथे अशी योजना असल्यास आपण केवळ दिलेल्या जागी जाऊन उभे राहू नये. आपल्या गावाची गरज आपणांस ठाऊक आहे. ती तेथे सांगावी. एखादी योजना वेठीसारखी चालत असेल तर चारचौघांनी मिळून सभ्यपणे तसे बोलून दाखवावे. आणि आपले कसब क्षुद्र मानू नये. क्रेन चालविणाऱ्याची नजर, वेल्डरचा हात, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईचा पन्नास पानांचा अंदाज, ह्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पुढे महाविद्यालयात जाल तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची गाठ पडेल. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तोवर थांबण्याचे कारण नाही. पाहुणे स्वयंसेवक शाळेत आले म्हणजे केवळ रांगेत उभे राहून टाळ्या वाजवू नका. त्यांच्याबरोबर काम करा, त्यांचा धंदा कसा चालतो ते विचारा, आणि आपल्या गावातील ओढा, विहीर व बांध त्यांस दाखवा. तेही तुमच्यापासून काही शिकून जातील. आज जो मुलगा घेणारा आहे तोच दहा-बारा वर्षांनी एखाद्या कचेरीत देणारा होणार आहे. तेव्हा आपल्या शाळेत कोणती मदत उपयोगी पडली व कोणती वाया गेली, हे त्याने आताच नीट पाहून ठेवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दान, वेठ व स्वयंसेवा ह्यांतील भेद प्रत्येकी एक उदाहरण देऊन सांगा.

२. रात्रीच्या शाळा चालविणारे ना. म. जोशी कामाच्या तासांसाठी का झटले?

३. आपल्या घरातील अगर शेजारातील एका नोकरदार माणसास भेटा. त्याचे कसब कोणते व ते आपल्या वाडीच्या कोणत्या कामी येईल, हे दहा ओळींत लिहा.

४. आपल्या वस्तीच्या तीन गरजा घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढा. त्यांपैकी कोणती हक्काने मागावयाची व कोणती स्वयंसेवेने भागण्यासारखी, हे कारणांसह सांगा.